शेजारच्या कागदावरची भोकं

आमच्या हार्मन्स रन गावात पन्नाशीच्या आतल्या कोणाही माणसासमोर बर्नी कोवालिकचं नाव काढा, तो आधी ताठ बसेल आणि मग बोलेल. तिने आयुष्यभर शाळेची पिवळी बस चालवली. गावचा टायरवाला, बँकेतली कॅशियर, आमचे पाद्री, सगळे तिच्या बसमधून गेलेले आहेत आणि सगळ्यांनी तिचा "बस खाली!" ऐकलेला आहे. आरशात बघून ती एवढंच म्हणायची, आणि मागच्या सीटवरची मारामारी जागच्या जागी विझायची. निवृत्त होऊन तिला किती वर्षं झाली, पण परवा पोस्टाच्या रांगेत कोणी घुसायला लागलं तर ती तेच म्हणाली, आणि तो दाढीवाला बाप्या खरोखर खुर्चीवर जाऊन बसला.

मी ओर्विल. गावात टपाल वाटायचो, आता गुडघ्यांनी संप केल्यामुळे घरी असतो. मंगळवारी संध्याकाळी मात्र आमच्या नेमबाजीच्या क्लबात मी लाइन सांभाळतो. म्हणजे गोळ्या कधी भरायच्या, कधी झाडायच्या, कधी थांबायचं, हे ओरडून सांगणारा तो मी. गोळी झाडण्यापेक्षा ओरडणं मला जास्त जमतं, असं बायको म्हणते.

हिवाळ्यात आमच्या खोऱ्यात दुसरं करण्यासारखं काही नसतं. हरणांचा मोसम संपलेला, मासे बर्फाखाली, चर्चचा बिंगो गुरुवारी. म्हणून मंगळवारी लीग. आजूबाजूच्या गावांचे क्लब, प्रत्येकाची चौघांची टीम, बारीक पॉइंट टू-टूच्या गोळ्या, एका हाताने नेम आणि समोर गोल काढलेला कागद. मारामारीचा काही संबंध नाही. कागदाला भोकं पाडायची, ती मोजायची, मग मिरची घातलेला घेवडा ओरपत एकमेकांची टिंगल करायची. आमच्या टीममधली चौथी जागा बर्नीची. ती जागा कधी आणि कोणी दिली ते आठवणारी माणसं आता थडग्यात आहेत.

गेल्या उन्हाळ्यात बर्नीच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं. जन्मभर बसचं ते मोठं चाक फिरवून शीर दबली होती म्हणे. ऑपरेशन चांगलं झालं, पण हातातली ताकद काही पूर्ण परतली नाही. तिचं जुनं पिस्तूल म्हणजे लोखंडाचा ठोकळा. सरळ हाताने ते धरायचं म्हणजे दुधाचा भरलेला कॅन धरण्यासारखं. पहिल्या दोन गोळ्या बऱ्या जायच्या, तिसरीला हात लटपटायचा आणि पाचवी कुठे जायची ते त्या गोळीलाच ठाऊक. शिवाय गोळी भरायला पिस्तुलाचं वरचं झाकण, ज्याला आम्ही स्लाइड म्हणतो, ते मागे ओढावं लागतं. तेही तिला ओढवेना. एका मंगळवारी ती ते दोन गुडघ्यांत धरून ओढायला लागली तेव्हा मला "थांब!" म्हणून ओरडावं लागलं. बर्नीवर ओरडण्याची माझी ती पहिलीच वेळ.

आमचा कॅप्टन ड्यूई रुस्नाक. माणूस वाईट नाही, पण जिंकण्याची हाव फार. त्या रात्री त्याने तिला बाजूला घेतलं.

"बर्नी, मी काय म्हणतो, तू यंदा गुण मोजायच्या टेबलावर बसतेस का? हीटरजवळ आहे. उबदार."

"आणि माझ्या जागी?"

"माझा भाचा आहे ना, कॉल्टन. तरुण हात आहे."

"कॉल्टन?" बर्नी म्हणाली. "त्याला बसमध्ये स्वतःचा डबा सापडायचा नाही, त्याला गोल सापडणार?"

"अगं, आता तिशीला आला तो!"

"मग डबा सापडला का?"

हसलो सगळे, पण बर्नी हसली नाही. आमच्या क्लबात गुण मोजायचं टेबल म्हणजे काय हे तिला पक्कं माहीत होतं. एकदा त्या टेबलावर बसलेला माणूस परत लाइनवर उभा राहिलेला कोणी बघितलेला नाही. तिथून पुढे घेवड्याच्या पातेल्यावर बढती होते, आणि मग माणूस येईनासाच होतो. शेवटी ठरलं की लीग सुरू होण्याआधी बर्नी आणि कॉल्टन दोघांनी एक-एक कागद मारायचा, पाच-पाच करून दहा गोळ्या, ज्याचे गुण जास्त त्याची जागा. ड्यूईला वाटलं, मिटलं. मलाही तसंच वाटलं, उगाच खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्नीचा फोन. "ओर्विल, गाडी काढ. मला पिस्तूल घ्यायचंय. ऑगीला नेत नाही, त्याला ऐकू येत नाही आणि दुकानात तो सगळ्याला हो म्हणतो." ऑगी म्हणजे तिचा नवरा.

रूडीचं दुकान पुढून हार्डवेअरचं आहे. खिळे, बर्फ उपसायची फावडी, पक्ष्यांचे दाणे. मागच्या काउंटरला बंदुका. रूडीही बर्नीच्याच बसमधला. तिला बघून त्याने तोंडातला डोनट खाली ठेवला आणि हात पुसले.

"या मिसेस कोवालिक. काय दाखवू? पर्समध्ये ठेवायला हवंय का? जमाना वाईट आहे." असं म्हणत त्याने कपाटातून गुलाबी मुठीचं एक पिस्तूल काढलं.

बर्नीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. रूडीने ते पिस्तूल परत आत ठेवलं.

"मला कोणाला मारायचं नाहीये रे बाबा," ती म्हणाली. "कागदाला भोक पाडायचंय. टू-टू दे. हलकं दे. आणि ज्याचं स्लाइड मला ओढता येईल असं दे. रंग तू तुझ्या बायकोसाठी ठेव."

मग काउंटरवर एकेक पिस्तूल येत गेलं. रूडी प्रत्येक पिस्तूल उघडून, रिकामं आहे हे आधी स्वतः बघायचा, मग तिला दाखवायचा, मग तिच्या हातात द्यायचा. ती पुन्हा स्वतः बघायची. पहिल्याचं स्लाइड हललंच नाही. दुसऱ्याचं अर्ध्यावर अडकलं आणि तिच्या कपाळावर आठी आली. तिसरं ओढलं गेलं, पण मूठ एवढी जाड की चापापर्यंत बोट पोचेना. दुकानात खिळे घ्यायला आलेले दोघे-तिघे मागे येऊन उभे राहिले आणि फुकटचे सल्ले सुरू झाले. एक म्हणाला रिव्हॉल्व्हर घ्या, दुसरा म्हणाला माझ्या मेव्हणीने घेतलंय ते घ्या. बर्नीने मागे न वळता "बस खाली" म्हटलं. बसायला तिथे काही नव्हतं, तरी ते गप्प झाले.

मग रूडीने खालच्या फळीवरून एक छोटंसं काळं पिस्तूल काढलं. तळहाताएवढं. ते बघून मीच म्हणालो, "रूडी, हे सिगारेट पेटवायचं आहे का?"

बर्नीने ते उचललं. डाव्या हाताच्या चिमटीत स्लाइड धरलं आणि ओढलं. सर्रकन मागे आलं. तिला खरंच वाटेना. तिने पुन्हा ओढलं. मग पुन्हा. जत्रेतल्या पोराला शिट्टी सापडावी तसं तिचं चाललं होतं.

"चाप ओढून बघू का?" तिने विचारलं. दुसऱ्याच्या पिस्तुलाचा चाप विचारल्याशिवाय ओढायचा नाही, ही आमच्याकडची रीत.

"थांबा," रूडी म्हणाला, "टू-टू आहे, रिकामं मारलं तर आतली पिन काठावर आपटते." त्याने गल्ल्याजवळच्या बशीतून वापरलेली एक रिकामी पुंगळी काढून आत घातली. "आता ओढा." तिने भिंतीवरच्या भुसा भरलेल्या टर्की पक्ष्यावर नेम धरून चाप ओढला. टिक्. गोळ्या भरायच्या डबीच्या, म्हणजे मॅगझिनच्या, बाजूलाही एक छोटं बटण होतं. ते अंगठ्याने खाली धरलं की गोळ्या अलगद आत बसत, स्प्रिंगशी कुस्ती नाही. ते बघून बर्नीने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं. मी पक्ष्यांच्या दाण्यांकडे बघायला लागलो.

मग कागदपत्रं झाली, आणि रूडीने संकोचत फोन उचलला. "पोलिसांना फोन करून विचारावं लागतं, मिसेस कोवालिक. सगळ्यांचंच विचारतो."

"विचार की. मला काय, मी स्वच्छ आहे. तू सहावीत मागच्या सीटवर फटाका फोडला होतास, ते कोणी विचारलं तर मात्र मी सांगणार."

परवानगी आली. बर्नीने पिस्तुलाचा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसताना मला म्हटलं, "ओर्विल, हळू चालव." जसं काही आत अंडी होती.

पण नव्या पिस्तुलाला नखरे फार. टू-टूच्या छोट्या पिस्तुलांचं असंच असतं, प्रत्येकाची गोळी ठरलेली. ऑगी पोलादाच्या कारखान्यात कानाचे पडदे घालवून निवृत्त झालेला, त्याने मोठ्या हौसेने स्वस्त गोळ्यांची बादलीच आणली. त्या पिस्तुलाने त्या खाल्ल्याच नाहीत. एक गोळी झाडली की तिची रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी दारातच उभी राहायची आणि सगळं अडकायचं. त्यांच्या कोठाराच्या मागे मातीचा उंच बांध आहे. तिथे बर्फात खुर्च्या टाकून दोघं बसलेली मी रोज बघायचो. बर्नी मारायची, अडकायचं, ती थांबून नळी बांधाकडे ठेवून मोकळं करायची, पुन्हा मारायची. ऑगी शेजारी कॉफी धरून.

"काय म्हणतंय?" ऑगी ओरडून विचारायचा.

"हेही आवडलं नाही त्याला!"

"मी काही खाल्लं नाही तर तू कधी दुसरं करतेस का?"

"तू पिस्तूल असतास तर केलं असतं!"

निरनिराळ्या डब्या झाल्या. शेवटी एका तांब्याच्या मुलाम्याच्या, जराशा जोरकस गोळीवर ते पिस्तूल खूश झालं. मग काय, पट् पट् पट्, घड्याळासारखं. हलकं असल्याने नेम जरा हुलकावण्या द्यायचा, पण हात थकत नव्हता. पाच गोळ्या मारायच्या, पिस्तूल खाली ठेवायचं, मनगट झाडायचं, मलम चोळायचं, मग पुढच्या पाच. तिने स्वतःची रीत बसवली. जानेवारीत मी तिचा एक कागद बघितला, भोकं सगळी मध्येच. ड्यूईला काही सांगितलं नाही.

तो मंगळवार आला. क्लब भरलेला. एरवी जे घेवडा झाल्यावर येतात तेही वेळेवर हजर. आमच्या लाइनवर दहा जागा आहेत. प्रत्येक जागेसमोर पलीकडच्या भिंतीवर कागद, त्याच्या डोक्यावर पांढऱ्या पाटीवर नंबर. बर्नीची जागा कायम चार नंबर. त्या दिवशी ड्यूईने चारवर कॉल्टनला उभं केलं आणि बर्नीला पाचवर. मुद्दाम केलं की सहज, देव जाणे. बर्नीने डबा पाचच्या टेबलावर ठेवला. तिने डब्यातून ते छोटं पिस्तूल काढलं तेव्हा मागून कोणीतरी "चिमटा आणलाय का भुवया उपटायला?" असं म्हटलं, आणि मी सगळ्यांना गप्प बसवलं.

"पाच गोळ्या भरा!" मी ओरडलो. "लाइन तयार? मारा!"

पहिल्या पाच झाल्या. बर्नी मागे सरली, मनगट झाडलं, मलम चोळलं, ऑगीकडे बघून मान हलवली. ऑगीने काही ऐकू न येताच अंगठा दाखवला. मग ती परत टेबलापाशी आली. दुसऱ्या पाच. ती अगदी शांत मारत होती. एकेक गोळी, मध्ये श्वास. शेजारी कॉल्टन दुर्बिणीतून आपला कागद बघत होता, आणि त्याचा चेहरा उजळत चालला होता.

"मामा!" तो कुजबुजला, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. "मामा, हात बसला रे माझा! सगळ्या मध्येच जातायत!"

ड्यूई छाती फुगवून इकडे तिकडे बघत होता. मी "थांबा" म्हटलं, पिस्तुलं उघडून रिकामी टेबलावर ठेवलेली बघितली, आणि कागद आणायला गेलो. पाच नंबरचा कागद काढला. त्यावर पाचच भोकं. चार नंबरचा काढला. त्यावर पंधरा.

काय झालं ते मला तिथेच कळलं. मलम चोळून परत आल्यावर बर्नीची नजर सवयीने चार हा आकडा शोधत गेली होती. उभी पाचवर, मारलं चारवर. आमच्या खेळात याला फार नावं ठेवतात. त्यात सगळ्यांच्याच गोळ्या टू-टू, भोकं सारखीच. कुठलं कोणाचं ते कागद सांगत नाही. मात्र बघणाऱ्याला दिसत होतं. दहा भोकं कागदभर विखुरलेली, आणि पाच मधोमध, एका बाटलीच्या बुचाखाली झाकतील एवढी जवळ.

नियम असा की दुसऱ्याच्या कागदावर मारलेली गोळी वाया. आणि ज्याच्या कागदावर जास्त भोकं पडली त्याचा दोष नाही, म्हणून त्याची उत्तम दहा धरायची. मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं.

कॉल्टनचा चेहरा पडला. "मिसेस कोवालिक, ती मधली तुमची आहेत. माझी नाहीत."

"कागद कोणाचा?" बर्नीने विचारलं.

"माझा."

"मग गुण तुझे. नियम म्हणजे नियम. मी दार लावल्यावर कोणासाठी बस थांबवली होती का कधी?"

तिने पिस्तूल डब्यात ठेवलं, ऑगीचा कोट त्याच्या हातात दिला, आणि घेवडा न खाता गेली. गुणांच्या टेबलाजवळून जाताना तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी सरळ सांगतो, मला क्लबात करमेना. टिंगल करायला माणसं होती, पण उलट उत्तर देणारं कोणी नव्हतं. तिच्या घरावरून जाताना कोठारामागून पट् पट् ऐकू यायचं. माणूस खेळ सोडत नाहीये, फक्त आपल्यात येत नाहीये, हे जास्त टोचत होतं.

आणि मग ड्यूईचं गणित फसलं. आमच्या लीगमध्ये मोसमाच्या पहिल्या कागदावरून प्रत्येकाची पायरी ठरते, आणि कॉल्टनचा पहिला कागद म्हणून तोच धरला गेला. जो कमी मारतो त्याला प्रत्येक सामन्यात वरून काही गुणांची खिरापत मिळते. जो जास्त मारतो त्याला काही नाही. बर्नीची पाच भोकं घेऊन कॉल्टन खोऱ्यातल्या पहिल्या नेमबाजांच्या पंगतीत जाऊन बसला होता. खिरापत शून्य. आणि मारायचा तसाच, विखुरलेला. आम्ही पहिला सामना हरलो, दुसरा हरलो. दुसऱ्या सामन्यात तर ज्या गावाने अख्ख्या आयुष्यात आम्हाला हरवलं नव्हतं त्या गावाने हरवलं, आणि त्यांनी आम्हाला केक कापून दिला.

दुसऱ्याच दिवशी ड्यूई माझ्याकडे. "ओर्विल, नियमात असं आहे ना, की दोघं राजी असतील तर तो कागद पुन्हा मारता येतो?"

"आहे. पण तुला हे तिला जाऊन सांगावं लागेल."

"तू चल बरोबर."

"मी येईन, पण बोलणार नाही."

बर्नी स्वयंपाकघरात होती. उपासाच्या शुक्रवारासाठी चर्चमध्ये विकायचे पिरोगी चालले होते, बटाट्याचं सारण भरलेले. टेबलभर पिठाच्या पाऱ्या. ड्यूई टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"बस," ती म्हणाली. तो बसला. तिने त्याच्यापुढे एक पारी सरकवली. "तोंडाने बोल, हाताने मीट. कडा नीट दाब, उकळताना फुटतात."

ड्यूईने पारी मिटत मिटत सगळं सांगितलं. पायरी, खिरापत, तो केक. बर्नी ऐकत होती. ऑगी कोपऱ्यात बसून "काय म्हणतोय?" विचारत होता.

"म्हणजे कॉल्टनचे गुण खाली यावेत म्हणून मी पुन्हा मारायचं," ती म्हणाली. "आणि मग मी टेबलावर."

ड्यूईने खाली बघितलं. पिरोगी त्याच्या हातात फुटला.

"ड्यूई, तू मला काढायला निघाला होतास. ते आधी बोल."

ड्यूईने हातावरचं पीठ झटकलं. मग म्हणाला, "निघालो होतो. तुझा हात बघून मी घाबरलो, बर्नी. माझाही लटपटतो हल्ली. मी कोणाला सांगितलं नाही."

बर्नीने फुटलेला पिरोगी त्याच्या हातातून घेतला, दुरुस्त केला आणि ताटात ठेवला. "फेरी जागेसाठी होईल. जिंकेल तो टीममध्ये. कबूल असेल तर येते."

"कबूल."

"आणि चार नंबर मला देऊ नकोस. मी पाचवरूनच मारणार."

मला बोलायचं नव्हतं, तरी मी बोललो. "बर्नी, कशाला हट्ट? चार घे की."

"तू बोलणार नव्हतास ना?" ती म्हणाली.

पुढच्या मंगळवारी लोक भिंतीला टेकून उभे होते. कॉल्टन चारवर, बर्नी पाचवर. कॉल्टन तीन आठवड्यांत बारीक झाल्यासारखा दिसत होता. दुसऱ्याची भोकं खिशात घालून हिंडणं सोपं नसतं. पहिल्या पाच दोघांच्या झाल्या. बर्नी मागे गेली. मनगट झाडलं, मलम चोळलं. परत आली.

"पाच गोळ्या भरा!"

सगळ्यांनी श्वास रोखले. तिने मॅगझिन बसवलं, स्लाइड ओढून सोडलं आणि हात उचलला. मागून मला फक्त तिची पाठ दिसत होती.

"लाइन तयार?"

"लाइन तयार नाही!"

आमच्याकडे हे वाक्य कोणीही उच्चारलं की सगळं जागच्या जागी थांबतं. कोणाचं पिस्तूल अडकलं, चष्मा पडला, की माणूस हे म्हणतो. मी वळून बघितलं. कॉल्टन होता. त्याचं पिस्तूल टेबलावर, हात वर.

"काय झालं? अडकलं का?"

"माझं नाही." त्याने मान बर्नीकडे वळवली. तो एवढा लाल झाला होता की मला वाटलं आता याला काहीतरी होणार. "मिसेस कोवालिक, तुमची नळी माझ्या कागदाकडे आहे."

बर्नीने पिस्तूल हळूच टेबलावर ठेवलं, नळी समोर. तिने वर पाटीकडे बघितलं. चार. मग उजवीकडच्या पाटीकडे बघितलं. पाच. तिचे खांदे खाली आले. मला वाटलं, ती आता निघून जाईल. मी असतो तर गेलो असतो.

ती गेली नाही. पाय अर्धं पाऊल उजवीकडे वळवले, पिस्तूल पुन्हा उचललं, आणि मला म्हणाली, "ओर्विल, झोपलास का? तयार आहे लाइन."

पाच गोळ्या. तिने पाचही पाचवर मारल्या. कागद आणले तेव्हा मोजायची गरज नव्हती, तरी मोजले. जागा बर्नीची. ऑगीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्याला स्वतःच्या टाळ्या ऐकू येत नसल्याने तो बराच वेळ वाजवत राहिला.

घेवड्याच्या पातेल्याजवळ ड्यूईने कॉल्टनला कोपरखळी मारली. "गप्प बसला असतास तर जागा तुझी होती, गाढवा."

"आणि परत तिच्याच भोकांवर मिरवू? एकदा पुरे झालं मामा. झोप लागत नव्हती."

बर्नी मागेच उभी होती. तिने ते ऐकलं. कॉल्टन दचकून ताठ झाला, आता बोलणी बसणार म्हणून. बर्नीने त्याच्या वाडग्यात घेवडा वाढला, भरपूर, वर चीज घातलं. आणि मग ही बाई, जिला उभ्या जन्मात गाडी कुठे वळवायची हे कोणी सांगितलेलं खपलं नाही, सगळ्यांदेखत म्हणाली,

"पुढच्या मंगळवारपासून तू राखीव. दर मंगळवारी चारवर उभं राहायचं, माझ्या डावीकडे. मी तुला नेम शिकवते, तू माझ्या नळीवर लक्ष ठेव. आणि मी चुकले तर आजच्यासारखं ओरड. लाजू नकोस."

"हो, मिसेस कोवालिक."

"बर्नी म्हण," ती म्हणाली.

त्याला ते काही जमलं नाही. पण दर मंगळवारी तो चारवर उभा असतो.